तराजू आधी जागा होतो

क्लाक्सविकच्या धक्क्यावर रात्री दोनदा वीज गेली.
पहाटे पाचला रान्वा लिलावघरात येते,
केस ओले, स्वेटर उलटा.
तराजू चालू आहे, पडदा हिरवा,
हॅडकचे खोके एकामागून एक वजनाला लागलेत
आणि यंत्राच्या वहीत
एक ओळ नाही.

‘कधी नोंदतं, कधी नाही,’ आयदुन म्हणतो,
‘बंद करून सुरू केलं की नशीब.’
त्यानं हातमोजे काढलेले नाहीत.
भिंतीवर खडूनं वजनं लिहून ठेवलीत,
त्याचा बाप लिहायचा तशी:
चार उभ्या रेघा, एक आडवी.

ती खुर्ची ओढते, लॉग उघडते.
यंत्राची सकाळ सेकंदासेकंदानं मांडलेली.
सहाव्या सेकंदाला तराजूची सर्व्हिस उठली.
अकराव्या सेकंदाला डिस्क जागेवर बसली.
उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

कुणीतरी पूर्वी इलाजही केलेला:
‘पाच सेकंद झोप, मग ऊठ.’
शेजारी शेरा: सध्यापुरतं.
तारीख नऊ वर्षांपूर्वीची.
तेव्हा डिस्क तरणी होती,
हाक मारली की ओ द्यायची.

या फायलींत दोन शब्द असतात,
लोक ते एकच समजतात.
‘नंतर’ ही नुसती रांग.
पुढचा आलाच नाही
तर मागचा खुशाल निघतो.
‘हवा’ ही गरज.
पण गरज आहे म्हणून कुणी थांबतंच असं नाही,
दोघंही एकदमच धावत सुटतात.
दोन्ही लिहावे लागतात,
वेगळ्या ओळींवर.
यंत्रांबाबत हे तिला पहिल्या नोकरीत कळलं.
बाकी ठिकाणी ती अजून
एकच ओळ लिहून मोकळी होते.

‘मग आजची वजनं गेली?’
‘गेली नाहीत. लिहिलीत. पण कुठे?’

ती सर्व्हिस थांबवते, डिस्क उतरवते,
जमिनीवरची सतरंजी उचलावी तशी.
खालचा फोल्डर रिता असायला हवा.
नाही.
आजची पहाट आहे तिथे, हॅडकसकट.
तिच्याखाली मागच्या हिवाळ्यातलं वादळ,
त्याखाली आणखी एक,
वीज गेल्याच्या साऱ्या रात्रींची वजनं,
अंधारात, किलो-ग्रॅमांत, एकही चूक नसलेली.
तराजू बिचारा लिहीतच होता.
डिस्क येऊन वर बसली होती, इतकंच.

रान्वा यादी खाली सरकवते.
तीन मार्च, सहा वर्षांपूर्वी.
नाव: रिता.
त्यांच्याकडे हा कड्यावरचा पक्षी, पांढरा, आरडाओरडा करणारा.
कॉड, सहाशे बारा किलो.

आयदुन वाकून बघतो. बराच वेळ बघतो.
‘हा ह्योग्नी,’ म्हणतो. ‘माझा भाऊ.
सहाशे बारा, सहाशे बारा म्हणून इथे उभा राहून ओरडला होता.
मी म्हणालो, वहीत नाही म्हणजे नाही.’
मग जरा वेळानं,
‘तेव्हापासून मासळी वागुरला नेतो.
एवढ्या लांब. डिझेल जाळत.’

रान्वा काही बोलत नाही. बोटं चालू ठेवते.
झोपेची ओळ पुसते.
दोन ओळी लिहिते: डिस्क हवी. डिस्कनंतर.
मग भिंतीशी जाऊन सरळ प्लगच ओढते,
कारण वीज काही विचारून जात नाही.

अंधार, पंख्याची घरघर, पांढरी अक्षरं.
डिस्क अकराव्याला.
तराजू बाराव्याला.
पुन्हा प्लग. डिस्क चौदाव्याला, आज तिचे सांधे दुखतायत.
तराजू पंधराव्याला.

आयदुननं एक हातमोजा काढलाय.
फोन हातात आहे, नंबर लावलेला नाही.
‘आधी काय म्हणू?’ तो विचारतो,
‘आकडा सांगू, का माफी?’

खोके थांबलेत. बर्फ वितळून फरशीवर येतंय.
रान्वा तिसऱ्यांदा प्लगकडे जाते,
खात्री झाली आहे तरी,
आणि त्याच्याकडे पाठ करून
नेहमीपेक्षा जास्त वेळ लावते.